ट्रॅकवर पेडल मऊ पडतं? आधी निपल मोजा

पुण्याच्या एका मालकांनी विचारलंय: "माझ्याकडे सेकंडहँड पोर्शे कॅमन आहे, ९८७ मॉडेल, मॅन्युअल गिअर. गॅरेजमध्ये नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल टाकून हवा काढून घेतली. रस्त्यावर गाडी झकास थांबते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली, तर तिसऱ्या-चौथ्या लॅपपासून पेडल मऊ पडायला लागलं. गॅरेजवाले म्हणतात व्हॅक्यूम मशीनने परत हवा काढू. एक मित्र म्हणतो दोन माणसांची जुनी पद्धतच खरी, दुसरा म्हणतो प्रेशर ब्लीडर घे. कोणाचं ऐकू? आणि एबीएससाठी (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्कॅनर लावावा लागतो का?"

तिघांचंही थोडं थोडं ऐका, पण पाना हातात घेण्याआधी नाही. हवा कुठल्याही पद्धतीने निघते. ती कुठे अडकलीय हे माहीत नसेल तर मात्र कुठल्याच पद्धतीने निघत नाही. आणि तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे नुसती हवेचीच भानगड असेल असंही मला वाटत नाही.

आधी पेडल तपासू. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपेल. ही पायरी बरेच जण गाळतात आणि इंजिन चालू ठेवून "मऊ लागतंय" म्हणतात. बूस्टर मदत करत असताना कुठलंही पेडल थोडं मऊच लागणार. व्हॅक्यूम संपल्यावर पाय ठेवा आणि नेहमीच्या ताकदीने दाबून धरा. पेडल जागेवर टणक थांबलं पाहिजे. दाबल्यावर रबरासारखं दबतंय आणि लागोपाठ पंप मारल्यावर वर येतंय, तर हवा धरा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत जातंय, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा सिलिंडर) सील आतून सोडतंय किंवा कुठेतरी बाहेर गळतंय. तिथे शंभर वेळा हवा काढून उपयोग नाही. पहिला पाय लांब जातो आणि लगेच दुसरा वरच लागतो, असं वळणानंतर होत असेल तर व्हील बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) आणि डिस्कचं रनआउट (फिरताना डगमगणं) बघा. वळणात डिस्क हलते, पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबात फक्त ती फट भरते. आणि पेडल टणक आहे, गाडीच थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झालेत. ऑइलला दोष देऊ नका.

तुमचं पेडल थंड असताना ठीक आणि तापल्यावर मऊ आहे. म्हणजे ऑइल उकळतंय हा पहिला संशय. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत, थोडी हवा राहिली आहे आणि तापल्यावर ती फुगते, हा दुसरा. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे दोन्ही आहेत.

उकळण्याचा हिशोब एकदा मांडूनच टाकतो, कारण ट्रॅक आणि रस्ता यातला फरक लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्यासकट गाडी १४०० किलो धरा. ताशी १८० वरून ८० वर आणली तर साधारण १४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हवेचा अडथळा थोडी खातो, बाकी जवळपास सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचं जवळजवळ साडेचार लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे एका वळणाआधीचं. प्रत्येक लॅपमध्ये अशी वळणं पुन्हा पुन्हा. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाट उतरताना तुम्ही गिअर खाली टाकता, मधे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर तो मिळत नाही. उष्णता पॅडच्या मागच्या पत्र्यातून पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते.

डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू नवा असताना २३० अंश सेल्सिअस, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५. हे ऑइल हवेतली वाफ ओढून घेतं, त्याचा स्वभावच तो. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, कुठूनही. पोर्शे दोन वर्षांनी बदला म्हणते ते यासाठीच. आता आपल्याकडची गोष्ट घ्या: जुलै महिना, दमट हवा, गॅरेजच्या फळीवर अर्धा भरलेला डबा, झाकण नुसतं टेकवलेलं. त्यातलं "नवीन" ऑइल गाडीत पडतं. रस्त्यावर कळत नाही, ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला कळतं. म्हणून पहिलं काम: सील बंद बाटली स्वतः विकत आणा आणि डोळ्यांसमोर फोडायला लावा. अर्धा लिटरच्या बाटल्या मोठ्या डब्यापेक्षा बऱ्या, उरलेलं साठवायचा मोह होत नाही.

आता निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू. कॅमनला चारही चाकांना चार पिस्टनचे फिक्स्ड (डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन, स्वतः न सरकणारे) कॅलिपर आहेत, आणि प्रत्येक कॅलिपरला दोन निपल: एक बाहेरच्या अर्ध्याला, एक आतल्या. म्हणजे गाडीला एकूण आठ. आपल्याकडे बहुतेक मेकॅनिकांचा हात एका पिस्टनच्या स्लायडिंग कॅलिपरवर बसलेला असतो. चाकाला एक निपल, चार चाकं, काम संपलं. चाक काढलं की बाहेरचं निपल समोर दिसतं, आतलं डिस्कच्या मागे लपलेलं असतं. दोन्ही अर्धे आतल्या आत जोडलेले असले तरी एकाच निपलमधून हवा काढली की दुसऱ्या अर्ध्याच्या वरच्या कोपऱ्यात बुडबुडा तसाच बसून राहतो. थंड असताना तो एवढासा असतो, पेडलला जाणवतही नाही. तुमच्या गॅरेजला चिडून नाही, सहज विचारा, किती निपल खोलली? उत्तर चार आलं तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

याच गोष्टीशी जोडलेलं एक: निपल नेहमी कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवं. कोणी कॅलिपर उतरवून ओव्हरहॉल केला असेल आणि डावा-उजवा अदलाबदल करून बसवला असेल, तर निपल खाली जातं आणि हवा वरच राहते. बसतो तो व्यवस्थित, दिसतोही बरोबर. लिटरभर ऑइल गेलं तरी पेडल सुधारत नाही तेव्हा बॅटरी मारून निपल वर आहे का बघायचं.

मग पद्धती.

दोन माणसांची पद्धत सगळ्यांना येते. एक पेडलवर, एक चाकाशी. "मार... मार... मार... धर!" मग निपल पाव आटा खोलायचं, पारदर्शक नळीतून ऑइल येतं, पेडल बुडतं, निपल आवळायचं आणि त्यानंतरच "सोड" म्हणायचं. सगळी गंमत त्या शेवटच्या क्रमात आहे. हेल्परने निपल बंद व्हायच्या आधी पाय उचलला की नळीतली हवा उलटी आत. दुसरा धोका जास्त महागाचा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण खोलवर कधी जात नाही. त्या न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षं गाळ आणि गंज साचतो. हवा काढताना पेडल थेट फ्लोअरला टेकवलं की सील त्या खडबडीत भागावरून घासत जातं, आणि हवा निघाल्याच्या आनंदात मास्टर सिलिंडर जातो. तुमची गाडी जुनी आहे. ९८७ कॅमनचं उत्पादन २००५ ते २०१२, म्हणजे सगळ्यात नवी घेतली तरी म्हातारीच. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे पाय पूर्ण खाली जाणारच नाही. एवढं पाळलं तर ही पद्धत उत्तम आहे. पायाला पेडल कळतं, मशीनला नाही.

प्रेशर ब्लीडर म्हणजे हातपंप असलेली ऑइलची टाकी, जी गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीवर झाकणाच्या जागी आटे घालून बसते. वरून दाब द्यायचा, खाली एकेक निपल खोलत जायचं. पेडलला हात लावायचा नाही, टाकी रिकामी व्हायची भीती नाही, माणूसही एकच पुरतो. अशा गाडीसाठी मी हीच पद्धत वापरतो. पोर्शेच्या वर्कशॉपमध्ये साधारण २ बारपर्यंत दाब देतात. मी जुन्या प्लॅस्टिकच्या टाकीवर १ ते १.५ बारच्या वर जात नाही, तेवढ्यात काम होतं. एक सवय लावून घ्या. ब्लीडरमध्ये ऑइल भरायच्या आधी तो कोराच टाकीवर बसवा, दाब द्या आणि पाच मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर झाकणाचं वॉशर नीट बसलेलं नाही. हे ऑइल भरल्यावर कळलं तर फवारा पुढच्या डिकीत आणि विंडशील्डखालच्या रंगावर उडतो, आणि ब्रेक ऑइल पोर्शेचा रंग असो की रिक्षाचा, सारखाच खातं. आजूबाजूला ओली फडकी आणि पाण्याची बादली ठेवाच. सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

व्हॅक्यूम पद्धत, म्हणजे निपलमधून ओढून घ्यायची, गॅरेजवाल्यांना आवडते कारण एकट्याने पटकन होते. तिची अडचण अशी की निपल खोललं की त्याच्या आट्यांच्या फटीतूनही हवा ओढली जाते. नळीत बुडबुडे येतच राहतात आणि ते आतले की बाहेरचे, काही कळत नाही. कोणी म्हणतो अजून हवा आहे, कोणी म्हणतो आट्यांतली आहे, झालं म्हणा. आट्यांना बाहेरून थोडं ग्रीस लावलं तर बुडबुडे कमी होतात, तरीही शेवटचा भरवसा मिळत नाही. जुनं ऑइल टाकीतून उपसायला हे मशीन फार छान आहे. ट्रॅकच्या गाडीचं शेवटचं ब्लीडिंग (हवा काढणं) मी त्याच्यावर सोडणार नाही. तुमच्या गॅरेजला नाही म्हणा.

बाकीच्या दोन पटकन. निपल खोलून ऑइल आपोआप गळू देणं: हळू, पण प्रामाणिक; नवीन कॅलिपर पहिल्यांदा भरताना चांगलं, फक्त वर टाकीकडे लक्ष हवं. खालून सिरिंजने उलटं ढकलणं: मोटरसायकलवाल्यांचं ठीक आहे, एबीएसच्या गाडीत कॅलिपरचा गाळ वर हायड्रॉलिक युनिटकडे, म्हणजे एबीएसच्या पंप-व्हॉल्व्हच्या डब्याकडे, पाठवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

मी तुमच्या गाडीवर काम केलं तर असं करीन. गाडी चार स्टँडवर, चारही चाकं काढून. टाकीतलं जुनं ऑइल उपसून नवीन भरायचं. निपल ११ नंबरची आहेत. सहा कोनी रिंग पाना लावा, ओपन पाना लावून कोपरे गोल करू नका. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये स्टीलचं निपल वर्षानुवर्षं अडकून बसतं. जोर करण्याआधी आत शिरणारं तेल मारून थोडा वेळ थांबा आणि नळी लावायच्या आधीच निपल एकदा हलतंय का बघून घ्या. मग प्रेशर लावून प्रत्येक कॅलिपरचं आधी बाहेरचं, मग आतलं निपल. जुनं ऑइल गडद चहाच्या रंगाचं येतं, नवीन जवळजवळ पाण्यासारखं फिकट. रंग बदलेपर्यंत सोडायचं आणि त्यानंतरही थोडं. त्याच वेळी कॅलिपरवर रबरी हातोडीने हलके टोले मारत राहा. भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे यानेच सुटतात. नळीत बघत राहाल तर दिसतं: बराच वेळ स्वच्छ धार, टोला मारला की एकदम बारीक साखळी वर येते आणि थांबते.

चाकांच्या क्रमावरून लोक फार भांडतात. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी हा जुना नियम, आणि पोर्शेच्या मॅन्युअलमधला क्रम आहेच, तोच पाळा. पण वरून सतत दाब असताना क्रम चुकला तर फार तर थोडं ऑइल जास्त जाईल. निपल चुकलं तर हवा राहील. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

सगळी आठ निपलं झाली की ब्लीडरचा दाब सोडा. दाब असताना झाकण फिरवू नका. मग दोन माणसांनी, ठोकळा लावून, प्रत्येक चाकाला दोन-तीन वेळा "मार, धर, सोड" करून शेवट करायचा. पायाने दिलेला झटका दाबाच्या संथ धारेपेक्षा जोरात असतो आणि उरलेसुरले बुडबुडे ढकलतो. म्हणजे तुमच्या दोन्ही मित्रांचं खरं झालं. निपल साधारण १४ न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. वरची रबरी टोपी हरवली असेल तर नवीन घ्या, पावसाचं पाणी त्या भोकात साचून निपल आतून गंजतं.

क्लच विसरू नका. मॅन्युअल गाडीत क्लचचं हायड्रॉलिक त्याच टाकीतून चालतं, आणि तिथलं ऑइल तर गॅरेजमध्ये कोणी कधी बदलतच नाही. गिअरबॉक्सवरच्या सिलिंडरचं निपल शोधा आणि तेही काळं ऑइल बाहेर काढा. ब्रेक आणि क्लच मिळून सव्वा ते दीड लिटर हाताशी असू द्या.

आता एबीएस. नेहमीचं ऑइल बदलताना स्कॅनर लागत नाही, कारण नवीन ऑइल हायड्रॉलिक युनिटच्या उघड्या वाटेने थेट कॅलिपरला जातं. पण युनिटच्या आत परतीच्या पंपाची आणि छोट्या साठवण कप्प्यांची वेगळी वाट असते, आणि तिथले व्हॉल्व्ह एबीएस लागल्याशिवाय उघडत नाहीत. टाकी कधी कोरडी पडून हवा युनिटपर्यंत गेली असेल, किंवा युनिटच बदललं असेल, तर ती हवा त्या कप्प्यात बसते. रस्त्यावर महिनोन्‌महिने काही कळत नाही. ट्रॅकवर पहिल्यांदा एबीएस जोरात लागलं, व्हॉल्व्ह उघडले की ती हवा मुख्य लाइनमध्ये येते आणि पुढच्या वळणाला पेडल एकदम खाली. तुमचं पेडल हळूहळू मऊ होत गेलं की एबीएस कुरकुरल्यावर लगेच, हे आठवून बघा. लगेच असेल तर पोर्शेचा टेस्टर किंवा त्या गाडीचं ब्लीडिंग फंक्शन चालवणारा बाहेरचा स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. तो व्हॉल्व्ह आणि पंप चालवतो आणि त्याच वेळी हवा काढली जाते. स्कॅनर मिळतच नसेल तर रिकाम्या, ओल्या किंवा खडीच्या मोकळ्या जागेत कमी वेगात एबीएस चार-पाचदा लागू द्यायचं आणि परत येऊन पुन्हा पूर्ण ब्लीडिंग करायचं. चालतं, पण स्कॅनर एवढं नेमकं नाही.

ऑइल कोणतं? वर्षातून एक-दोन ट्रॅक डे असतील तर मोट्युल आरबीएफ ६०० सारखं. कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश, ओला २०० च्या थोडा वर. कॅस्ट्रॉलच्या एसआरएफचा कोरडा ३२० आणि ओला २७०; महाग आहे, पण ओला आकडा बघा, पैसे त्याचे आहेत. बाटलीवर फक्त मोठा कोरडा आकडा वाचून खरेदी करू नका. गाडीत चार महिने गेलेलं ऑइल कोरडं नसतं, आणि पावसाळ्यातून गेलेलं तर नाहीच. डॉट ५.१ चालेल, त्याचं घराणं डॉट ४ चंच. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, जांभळ्या रंगाचं. एबीएसच्या गाडीत ते घालायचं नाही आणि या ऑइलमध्ये मिसळायचं तर मुळीच नाही. नावात एका टिंबाचा फरक आहे म्हणून दुकानात चुकीची बाटली हातात येते.

एकदा उकळलेलं ऑइल गार झाल्यावर पेडल परत टणक होतं आणि लोक निर्धास्त होतात. ते ऑइल तसंच ठेवून पुढच्या ट्रॅक डेला जाऊ नका. माझा शिरस्ता असा: ट्रॅकच्या आदल्या आठवड्यात आठही निपलांतून थोडं थोडं काढून कॅलिपरमधलं ऑइल ताजं करायचं, कारण तापतं ते तिथलं, टाकीतलं नाही. त्याला अर्धा लिटर पुरतं. पूर्ण बदल वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. आणि ट्रॅकवर शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू मारा, पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.

काम संपल्यावर टाकीची पातळी मॅक्सच्या खुणेला आणा. प्रेशर ब्लीडर काढल्यावर ती नेहमी जास्त भरलेली असते. चाकांचे बोल्ट १३० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने. मग इंजिन बंद ठेवून पेडलची तीच पहिली तपासणी, त्यानंतर इंजिन चालू करून. पेडल दाबून धरलेलं असताना कोणीतरी आठही निपलांवर कोरडं बोट फिरवून बघू द्या. ओलं लागलं तर तिथेच थांबा. मग गल्लीत चालण्याच्या वेगात दोन-तीनदा ब्रेक, आणि सगळं ठीक असेल तरच मोठा रस्ता. बाहेर काढलेलं ऑइल झाकणाच्या बाटलीत भरून वेगळं ठेवा, गटारात ओतू नका आणि जळक्या इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका. भंगारवाल्याला ते मिसळलेलं चालत नाही. बाटलीवर मार्करने लिहा, कारण घरात ते खरंच कोऱ्या चहासारखं दिसतं.

गॅरेजने निपल किती खोलली आणि पेडल एबीएसनंतर मऊ पडलं की हळूहळू, ही दोन उत्तरं कळवलीत तर पुढचं नेमकं सांगता येईल.